इंद्रायणीचं पाणी परत कोकणात येतं का?

(तळेगाव दाभाडे इथे झालेल्या गप्पांच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावून लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये ऐकताय ना? मग एक प्रश्न घ्या आणि खिडकीबाहेर बघत विचार करा. आपल्या तळेगावपासून समुद्र किती लांब?

कोणी म्हणेल, घाट उतरून अलिबाग, तीन तास, ट्रॅफिक नसेल तर. पण पावसाळ्यात उत्तर बदलतं. इथे पडणारं पाणी अरबी समुद्रावरूनच आलेलं असतं. वारा ते सह्याद्रीवर चढवतो, लोणावळ्याला धो धो ओततो आणि आपल्यापर्यंत येताना हात आखडता घेतो. बरं, हे पाणी जिथून आलं तिथे परत जातं का? काही जातं, टाटांच्या धरणांतून घाट उतरून खोपोली-भिवपुरीकडे. पण इंद्रायणीत राहिलेलं पाणी पाठ फिरवतं. देहू, आळंदी, तुळापूरला भीमा, मग उजनी, पंढरपूर, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे आलं पश्चिमेकडून, गेलं पूर्वेला.

गोष्ट इथे संपत नाही. पुढचं सांगण्याआधी माझा एक किस्सा सांगतो, कारण समुद्राचा अभ्यास मी त्या दिवशी सुरू केला.

मी एकोणीस वर्षांचा होतो. दोन बाइक, चार मित्र, पहाटे निघालो. कोकणातल्या एका किनाऱ्यावर अकराच्या सुमारास पोचलो. पाणी खूप आत गेलेलं. समोर वाळूचा एक लांबलचक उंचवटा कोरडा पडलेला. आम्ही चालत तिथवर गेलो, फोटोबिटो काढले. अर्ध्या तासाने किनाऱ्यावरून कोणीतरी ओरडलं. आम्हाला वाटलं, उगाच. मागे वळून पाहिलं तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मधला खोलगट भाग भरला होता. येताना तिथे घोटाभर पाणी होतं, आता छातीपर्यंत. आमच्यातल्या एकाला पोहता येत नव्हतं. ओरडणारे काका कोळी होते. ते दोर घेऊन पाण्यात उतरले म्हणून आज मी तुमच्यासमोर बोलतोय.

वर आल्यावर त्यांनी शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "आज तिथी काय?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग मला आठवलं, सकाळी आईचा उपास होता. संकष्टी. काका म्हणाले, "चौथ. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला पूर्ण भरती. म्हणजे नवाला ओहोटी संपली, आणि तुम्ही अकराला आत शिरलात."

हे गणित कोकणात पिढ्यानपिढ्या चालतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. का जमतं? चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. अंदाजाला पुरेसं आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, ती उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा भांगाची.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. मुंबईच्या बाजूला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. दोन तासांत दोन मीटर, म्हणजे माणूसभर पाणी! आम्ही नेमके त्याच दोन तासांत आत होतो.

आता गंमत बघा. समुद्र एकच, चंद्र एकच. तरी गोव्यात हा फरक दोन मीटरच्या आसपास, मुंबईत त्याच्या दुप्पट, आणि खंबातच्या आखातात दहा मीटरच्याही वर, म्हणजे तीन मजली इमारत. असं का? गोव्यापासून उत्तरेकडे किनाऱ्यालगतचा उथळ भाग रुंद होत जातो. मुंबई-गुजरातसमोर तो काहीशे किलोमीटर पसरलाय. भरतीची लाट उथळात शिरली की उंच होते, आणि आखात नरसाळ्यासारखं निमुळतं असलं की आणखी चढते. पाळण्याला योग्य वेळी धक्का दिला की झोका वाढतो ना, तसाही एक परिणाम तिथे आहे.

मुंबईत भरतीची नोंद १८७८ पासून होतेय. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. ब्रिटिशांना बंदरासाठी हवी होती. आज समुद्राची पातळी किती वाढतेय हे सांगताना शास्त्रज्ञ तीच जुनी पानं उघडतात.

भरती-ओहोटी म्हणजे पाण्याचं ये-जा करणं. प्रवाह वेगळे. ते पाणी खरोखर दूर नेतात. आणि इथे आपली इंद्रायणी परत येते.

गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६६ साली स्थापन झाली, हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम संपल्यावर लगेच. तिथल्या सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजावरून आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी मोजलं, किती गरम, किती खारट, खोलीनुसार. १९९० आणि १९९१ मध्ये त्यांचे निबंध आले. त्यातून असं दिसलं, की पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे जातो. हे ठीक, वाराच तसा असतो. पण हिवाळ्यात प्रवाह उत्तरेकडे वाहतो, आणि वारा मात्र त्याच्या विरुद्ध!

पाणी वाऱ्याच्या विरुद्ध कसं जाईल? तर बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा असं गोडं पाणी येतं. ते कमी खारट, म्हणून हलकं. कार्तिकीच्या सुमारास, नोव्हेंबरात, पूर्व किनाऱ्यावरचा प्रवाह हे पाणी दक्षिणेला आणतो. ते श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरतं. हलकं पाणी थोडं उंच उभं राहतं. म्हणून दक्षिणेला समुद्र किंचित चढलेला, उत्तरेला किंचित उतरलेला. आणि उतारावरून पाणी वाहतं, वाऱ्याला न जुमानता. आळंदीला बघितलेला थेंब ओळखता येणार नाही, वाटेत शेतं आहेत, नळ आहेत, ऊन आहे. पण ज्या उपसागराला इंद्रायणी मिळते, त्याचं पाणी हिवाळ्यात आपल्या बाजूला येतं, हे खरं.

आणि फक्त पाणी येत नाही, निरोपही येतो. उपसागरात वारा बदलला की एक लाट उठते. डोळ्यांना न दिसणारी, पण किनारा उजव्या हाताला धरून चालणारी. तिला केल्विन लाट म्हणतात. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. पूर्व किनारा उतरते, श्रीलंकेभोवती वळते आणि आपल्या किनाऱ्याने वर येते. डी. शंकर आणि शेट्ये यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की लक्षद्वीपजवळ हिवाळ्यात समुद्राला जो उंचवटा येतो, त्याच्यामागे हीच साखळी आहे. उंचवटा वीतभरसुद्धा असेल-नसेल, पण काहीशे किलोमीटर रुंद. पाणी त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. समुद्रातला भोवरा म्हणा. पावसाळ्यात त्याच जागी खळगा असतो. उपग्रह हे आता वरून मोजतात. भारत आणि फ्रान्सने मिळून २०१३ मध्ये सरल नावाचा उपग्रह त्यासाठीच सोडला.

समुद्राच्या तळाला नांगरून ठेवलेली यंत्रंही आहेत. ती आवाज सोडतात, पाण्यातल्या बारीक कणांवरून आलेला प्रतिध्वनी ऐकतात आणि वेग सांगतात. गोव्यासमोरच्या नोंदींत दिसलं, की ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या प्रवाहापेक्षा महिना-दोन महिन्यांनी होणारे चढउतार जास्त जोरदार असतात. म्हणजे "हिवाळा आहे, प्रवाह उत्तरेला" एवढं म्हणून भागत नाही. तेल सांडलं, बोट भरकटली, तर कुठे शोधायचं हे त्या आठवड्याच्या प्रवाहावर ठरतं.

एका मुलीने मघाशी विचारलं, "सर, आम्हाला याचा काय उपयोग? आम्ही चाकणला नोकरी करतो." बरोबर आहे. पण वीकएंडला तुम्ही कुठे जाता? फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तुमच्या-माझ्या वयाची मुलं, म्हणजे माझ्या तेव्हाच्या वयाची. घाटावरच्या आपल्याला समुद्र कोणी शिकवत नाही. विहिरीत, नदीत पोहणाऱ्याला वाटतं, जमेल.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, निघण्याआधी फोनवर त्या दिवसाची भरती-ओहोटी बघा. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारेही देते. फोनला रेंज नसेल तर तिथीची पाऊणपट. दोन, खाडीच्या तोंडाशी उतरू नका, ओहोटीला तिथलं पाणी ओढून नेतं. तीन, लाटांच्या मधे एखादा पट्टा शांत दिसला तर तीच जागा टाळा. किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथून परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा, ओढ संपली की मग आत या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा.

आणि किनाऱ्यावरचं कोणी ओरडलं तर ऐका. त्या माणसाला यातलं एकही इंग्रजी नाव माहीत नसेल, पण पाणी कधी येणार हे माहीत असतं.

त्या काकांना मी नंतर दोनदा भेटलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हिवाळा होता. उत्तरेकडे वाहणाऱ्या पाण्याचं सगळं सांगितलं, श्रीलंकेपर्यंत. ते ऐकत जाळं विणत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडचं पाणी आमच्याकडे येतं." मी म्हटलं, थोडंसं. ते हसले. "येऊ दे. तुम्ही मात्र तिथी बघून या."

चला, भेटू पुढच्या भागात. कोकणात निघालेल्या एखाद्या मित्राला हा भाग आजच पाठवा.