हवामानांतील पालट व आपलें कर्तव्य
(धर्मग्रामाच्या महोत्सवी व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं ऊन, पाऊस व वारा यांच्या गोष्टी कशाला, असें आपल्यापैकीं कोणास वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं. या व्याख्यानमालेंत आपल्या पूर्वजांची श्रद्धा, धर्मगुरूंचे कष्ट आणि मंदिराची व शाळेची उभारणी यांविषयीं आपण ऐकलें. आणि तें ऐकणें योग्यच होतें. परंतु ज्या भूमीवर हें मंदिर उभें आहे व ज्या हवेंत आपण प्रार्थना म्हणतों, त्यांचें काय होत आहे, हा प्रश्नही महोत्सवाच्याच पोटांतला आहे. तो कसा, हें मी शेवटीं सांगेन. प्रथम शास्त्रज्ञ काय म्हणतात, तें पाहूं.

आरंभ आपल्याच गांवच्या एका गोष्टीनें करतों. ३० मे २०२४ रोजीं रामदासपेठेजवळच्या एका स्वयंचलित यंत्रानें ५६ अंश सेल्सिअस उष्णतामान दाखविलें. वर्धा रस्त्याकडील दुसऱ्या एका यंत्रानें ५४ अंश. बातमी देशभर पसरली. कोणी घाबरले, कोणी थट्टा केली. हवामानखात्यानें तपास करून जाहीर केलें कीं, यंत्रांतील उष्णता मोजणारा भाग बिघडला होता, सबब हे आंकडे खरे मानूं नयेत. तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें, "पाहा, या शास्त्रज्ञांचें असेंच!" मला मात्र त्यांतून उलट धडा मिळाला. जो माणूस स्वतःच्या हातचा खळबळजनक आंकडा खोटा ठरतांच मागें घेतो, तो जेव्हां दुसऱ्या एखाद्या आंकड्यावर ठाम उभा राहतो, तेव्हां त्याचें म्हणणें लक्ष देऊन ऐकावें.

आतां आपल्यांतील वडीलधारी मंडळी म्हणतील कीं, नागपूर केव्हां तापलें नाहीं? वैशाखांत येथें कावळासुद्धां दुपारीं झाडाबाहेर पडत नाहीं. हें खरें आहे. दोन्हीं समुद्रांपासून आपण दूर, भोंवतीं पठार, आणि उन्हाळ्यांत वायव्येकडून येणारा कोरडा वारा; म्हणून आपलें ऊन प्रखर. २३ मे २०१३ रोजीं येथें ४७.९ अंशांची नोंद झाली. परंतु एका दिवसाचें ऊन म्हणजे हवामान नव्हे. एका दिवसाचा ताप आणि महिनोन्‌महिने न उतरणारी कणकण यांत वैद्य जो फरक करतो, तोच येथें करावयाचा. शास्त्रज्ञ एका दुपारीं काय झालें तें सांगत नाहींत. तीस, पन्नास, शंभर वर्षांच्या नोंदी एकापुढें एक मांडून कल कोणीकडे आहे तें सांगतात. भारत सरकारच्या भूविज्ञान खात्यानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें १९०१ पासून २०१८ पर्यंत आपल्या देशाचें सरासरी उष्णतामान सुमारें ०.७ अंशानें वाढलें, आणि उष्ण दिवसांबरोबर उष्ण रात्रींचीही संख्या वाढली.

हें कां घडतें? आपण हिवाळ्यांत गोधडी पांघरतों. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाहीं. अंगाची उष्णता ती बाहेर जाऊं देत नाहीं. पृथ्वीभोंवतालच्या हवेंत कांहीं वायु हेंच काम करतात. त्यांतील प्रमुख म्हणजे जुन्या पुस्तकांतील कर्बाम्ल वायु, ज्यास आज शाळेंतील मुलें कार्बन डायऑक्साइड म्हणतात. ही कांहीं कालची कल्पना नव्हे. १८५६ सालीं युनिस फूट या अमेरिकन बाईंनीं कांचेच्या नळ्या उन्हांत ठेवून हा वायु अधिक तापतो असें दाखविलें. १८५९ पासून जॉन टिंडल यांनीं त्याची उष्णता अडविण्याची शक्ति मोजली. आणि १८९६ सालीं स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांनीं, हवेंतील या वायूचें प्रमाण वाढल्यानें पृथ्वी किती तापेल, याचें गणितही मांडलें.

ही गोधडी जाड होत आहे काय, हें १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर प्रत्यक्ष मोजलें जात आहे. त्या वेळीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. यंत्रयुगापूर्वी तो २८० च्या आसपास होता. ध्रुवाकडील बर्फांत कोंडलेले हवेचे बुडबुडे तपासले असतां, गेल्या आठ लक्ष वर्षांत तो इतका कधींच नव्हता असें दिसतें.

मग सूर्यच अधिक तापला नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनीं तो स्वतःस विचारला. सूर्य कारण असता तर वातावरणाचा वरचा व खालचा थर दोन्हीं तापले असते. प्रत्यक्षांत खालचा थर तापत आहे व वरचा थंड होत आहे. गोधडीच्या आंत ऊब व बाहेर गारठा, तसेंच हें. शिवाय हवेंत वाढलेला कर्ब फार प्राचीन आहे, म्हणजे तो भूगर्भांतील कोळसा व तेल यांचा आहे, हें त्याच्या अणूंच्या परीक्षेवरून ठरतें. म्हणून १९८८ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयानें स्थापन झालेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळानें २०२१ सालीं निःसंदिग्धपणें सांगितलें कीं, ही वाढ मनुष्याच्या कृतीनें झाली आहे. आजवर नोंदलेल्या वर्षांत २०२४ हें साल सर्वांत उष्ण ठरलें. त्या वर्षीं जगाची सरासरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मानापेक्षां सुमारें दीड अंशानें अधिक होती.

दीड अंश म्हणजे किती, असें कोणी म्हणेल. हवा एक अंशानें तापली कीं सुमारें सात टक्के अधिक वाफ धरून ठेवूं शकते. मोठें भांडें उशिरां भरतें, पण उपडें झालें कीं एकदम रितें होतें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं दाखविलें कीं, १९५० पासून २०१५ पर्यंत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. आणि तेंही मोसमी पावसाचा एकूण आंकडा घटत असतांना. शेतकऱ्यास याचा अर्थ समजावून सांगावयास नको. पावसाची सरासरी कागदावर भरते, पण कपाशी व सोयाबीन आधीं तीन आठवडे पाण्यावांचून वाळतें व मग दोन दिवसांत पाण्याखालीं सडतें. आपल्या संत्र्याचेंही तसेंच आहे. आंबिया बहराच्या फुलोऱ्यास हिवाळ्यांतील थंडी लागते व मृग बहर पावसाच्या वेळेवर अवलंबून असतो. ऋतु चुकला म्हणजे बागाईतदाराचें सबंध वर्ष चुकतें.

२२ व २३ सप्टेंबर २०२३ च्या मधली रात्र आपण विसरलों नाहीं. कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि ज्या नाग नदीस आपण एरवीं नाला म्हणून नाक मुरडतों, ती लोकांच्या घरांत शिरली. माणसें दगावलीं. त्या एका रात्रीचा सारा दोष हवामानाच्या पालटावर टाकणें मात्र सचोटीचें होणार नाहीं. नदीच्या पात्रांतील बांधकामें, तुंबलेले ओढे, आणि अंगणापासून रस्त्यापर्यंत ओतलेलें सिमेंट यांचाही त्यांत वांटा आहे. पालटलेला पाऊस आणि आपला निष्काळजीपणा यांची गांठ पडते, तेव्हां अरिष्ट होतें. त्यांतील दुसरा भाग तरी आपल्या हातीं आहे.

उष्णतेचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं, हें मला विशेष सांगावयाचें आहे. दिवसा तापलेलें शरीर रात्रीच्या गारव्यांत विसांवा घेतें. ज्याच्या घरीं कूलर आहे, त्याची झोंप होते. टिनाच्या छपराखालीं राहणाऱ्या मोलकरणीचें, हमालाचें, वीटभट्टीवरील मजुराचें शरीर मात्र दुसऱ्या दिवशीं थकलेलेंच उन्हांत उतरतें. लू लागून मेला असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां तो आदल्या रात्रीं न मिळालेल्या विसांव्यानेंही मेलेला असतो.

यावर तीन आक्षेप मीं ऐकले आहेत. पहिला, ऊनपाऊस ही ईश्वराची इच्छा. तिथें मनुष्य काय करणार? बंधूंनो, सृष्टि ईश्वराची आहे हें खरें. पण उत्पत्तीच्या पुस्तकांत त्यानें मनुष्यास बागेंत ठेवलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं. राखणदारानेंच कुंपण मोडलें, तर धन्यास दोष देतां येत नाहीं. शास्त्र हें श्रद्धेचें वैरी आहे असेंही मानूं नका. वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोगांनीं प्रसिद्ध झालेले मठवासी धर्मगुरु ग्रेगोर मेंडेल हे हवामानाच्या रोजच्या नोंदी ठेवीत असत. कलकत्त्याच्या सेंट झेवियर कॉलेजांत येशूसंघीय फादर लाफों यांनीं एकोणिसाव्या शतकांत वेधशाळा चालविली. आपल्याच देशांत जन्मलेले हवामानशास्त्रज्ञ डॉ. वीरभद्रन रामनाथन यांना परमगुरूंच्या विज्ञान अकादमीवर घेण्यांत आलें. परमगुरु दुसरे जॉन पॉल यांनीं १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशांत सृष्टीची हानि हा नीतीचा प्रश्न असल्याचें सांगितलें, आणि दिवंगत परमगुरु फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकांत पृथ्वीचें दुःख व दरिद्री माणसाचें दुःख हीं वेगळीं नाहींत असें शिकविलें.

दुसरा आक्षेप, हें पाप श्रीमंत राष्ट्रांचें; आम्हीं कां भोगावें? यांत पुष्कळ तथ्य आहे. आपल्या देशांत माणसामागें वर्षास सुमारें दोन टन कर्बाम्ल वायु हवेंत जातो. अमेरिकेंत तो चौदा टनांच्या आसपास आहे. न्याय मागण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. परंतु आपल्या देशांतही मोटारी, वातानुकूलित खोल्या व विमानप्रवास यांत वाढलेलीं घरें आहेत, आणि पोटापुरतें सरपण जाळणारीं झोंपडीं आहेत. जो न्याय आपण अमेरिकेकडे मागतों, तो आपणही आपल्या शेजाऱ्यास द्यावयास हवा.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रें कोळशावर चालतात. उमरेड, सावनेर व चंद्रपूरकडील खाणींवर हजारों कुटुंबांची चूल पेटते. या सभागृहांतले पंखे याच विजेवर फिरत असतील. तेव्हां कोळसा पापी असें म्हणून हात झटकणें हें ढोंग होईल. कोळशाचा वापर उतरला पाहिजे, हें शास्त्रज्ञांचें सांगणें निर्विवाद आहे. पण ज्यांनीं आपली छाती काळी करून आपल्या घरांत उजेड आणला, त्यांच्या मुलांना दुसरी भाकर आधीं दाखवावी आणि मगच पहिली काढून घ्यावी, असा आग्रह धरणें हें आपलें ख्रिस्ती कर्तव्य आहे.

आतां आरंभीं दिलेलें वचन पुरें करतों. महोत्सव म्हणजे काय? लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत त्याचा विधि सांगितला आहे. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, दासांना मोकळें करावें, विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत जावी, आणि त्या वर्षीं पेरणी न करतां भूमीस विसांवा द्यावा. कारण भूमि ईश्वराची आहे, आपण तिच्यावर पाहुणे आहों. म्हणजे दीनांची सुटका व भूमीचा विसांवा या दोन गोष्टी मूळच्या महोत्सवांत एकत्रच होत्या. आपण मांडव व रोषणाई तेवढी ठेवली, आणि भूमीचा भाग गाळला.

म्हणून या वर्षीं आपण चार लहान गोष्टी कराव्या अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली, ज्यांच्या घरावर टिनाचें छप्पर आहे, अशा कुटुंबांच्या छपरांस उन्हाळ्यापूर्वीं पांढरा रंग द्यावा. मंदिराची पाळी त्यांच्या मागून. दुसरी, आवारांतील मोकळी माती फरशीखालीं झांकूं नये, छपराचें पाणी जमिनींत मुरवावें, आणि कडुनिंबाचीं रोपें लावावीं. रोप लावणें सोपें, तीन उन्हाळे जगविणें कठीण. यासाठीं प्रत्येक रोप एकेका कुटुंबाकडे सोंपवावें. तिसरी, क्रुसाची वाट व मिरवणुका पहांटे किंवा सूर्यास्तानंतर काढाव्या. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें भर उन्हांतील समारंभानंतर माणसें उष्माघातानें दगावलीं, हें स्मरणांत ठेवावें. चौथी, एकटे राहणाऱ्या वृद्धांची यादी करून उन्हाच्या दिवसांत रोज कोणीतरी त्यांच्या दारीं जावें. अंग भाजतें आहे आणि बोलणें बरळतें आहे असें दिसतांच त्यांना सावलींत घ्यावें, अंग पाण्यानें भिजवावें आणि विलंब न लावतां इस्पितळांत न्यावें.

इतक्यानें पृथ्वीचा ताप उतरणार नाहीं, हें मी जाणतों. परंतु पुढील महोत्सवास जीं मुलें या ठिकाणीं जमतील, तीं आपल्या मांडवाची शोभा विचारणार नाहींत. त्यांना कडुनिंबाची सावली मिळाली कीं नाहीं, एवढेंच तीं पाहतील. ती सावली लावण्याची बुद्धि व ती जगविण्याचा धीर ईश्वर आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.