परसबाग आणि बदलते हवामान



मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणावर दोडका आणि कोपऱ्यात शेवगा, ही परसबाग आपल्याला नवी नाही. अशी बाग लावल्याने हवामानबदलाला आळा बसतो, असे अलीकडे सांगितले जाते. ते कितपत खरे आहे आणि केव्हा खरे ठरते, हे आज पाहू या.

प्रथम आपल्या छत्रपती संभाजीनगरचेच उदाहरण घ्या. शहराचा कचरा तीस वर्षांहून अधिक काळ नारेगावच्या डेपोवर पडत होता. धूर, दुर्गंधी आणि खराब झालेले विहिरींचे पाणी यांना कंटाळून फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव-मांडकी परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिटा येथे याच कारणाने दगडफेक झाली. शहराने टाकलेला कचरा शेतकऱ्याच्या बांधाशी येतो, हे तेव्हा सर्वांना दिसले.

त्या ढिगातून न दिसणारी एक गोष्ट मात्र हवेत जात होती. भाजीची देठे, साली, शिळे अन्न खोल दाबले गेले की त्यांना हवा मिळत नाही. हवेवाचून कुजताना मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. आयपीसीसी या जागतिक मंडळाच्या पद्धतीने हिशेब केला, तर खोल ढिगातील एक किलो ओल्या अन्नकचऱ्यापासून सुमारे 40 ग्रॅम मिथेन निघतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजविल्यास सुमारे 4 ग्रॅम निघतो.

घरात रोज एक किलो ओला कचरा निघत असेल, तर तो ढिगावर न पाठवता घरीच खत केल्याने वर्षाला सुमारे 350 किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप वाचतो. सव्वाशे लिटर डिझेल जाळल्यावर निघतो, जवळपास तेवढा. खेड्यात उष्टे-खरकटे जनावरांच्या पुढे जाते, तेथे बचत एवढी होणार नाही. पण पावसाचे पाणी साचलेल्या उकिरड्यातही हाच वायू तयार होतो, हे विसरू नये.

म्हणजे बागेचा हवामानावरील मुख्य लाभ भाजीपेक्षा खतातून मिळतो. बाग नीट केली नाही तर उलटही घडते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोप-अमेरिकेतील 73 शहरी बागांचा व शेतांचा अभ्यास झाला, तो 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील भाजीमागे नेहमीच्या शेतातील भाजीच्या सरासरी सहापट वायू निघाल्याचे आढळले. वाफ्यांचे कठडे, शेड, पायवाटा असे बांधकाम साहित्य आणून ते थोडीच वर्षे वापरणे, हे त्याचे मोठे कारण. म्हणून बागेसाठी नवे सिमेंट-प्लॅस्टिक विकत आणू नये. जुने डबे, फुटके माठ, गोणपाट वापरावेत आणि बाग वर्षानुवर्षे टिकवावी.

खत पुढीलप्रमाणे करावे :

1. काळ्या जमिनीत खड्ड्यात पाणी साचते. त्यामुळे सावलीत, जमिनीच्या वर तीन फूट उंचीपर्यंत ढीग करावा.

2. तळाशी तुरकाट्या किंवा पऱ्हाट्यांचा एक वीतभर थर द्यावा. त्यातून हवा खेळते.

3. ओल्या कचऱ्याच्या एका टोपलीवर सुक्या पाल्याच्या दोन टोपल्या टाकाव्यात. पाला जाळू नये.

4. मूठभर खत दाबल्यास ओल जाणवावी, पण पाणी गळू नये.

5. दर पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करावा. सडक्या अंड्यासारखा वास आल्यास हवा कमी पडते असे समजून सुका पाला मिसळावा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

हे खत वाफ्यात मिसळल्याने ओल टिकते व युरिया कमी लागतो. युरियामुळे जमिनीतून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो तर कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापदायक आहे.

पाण्यासाठी भाज्या-डाळी धुतलेले पाणी वापरावे. साबणाचे पाणी पालेभाजीला देऊ नये. पावसाळ्यात दोडका, कारले, गवार व परभणी कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी लावावी. हिवाळ्यात पालक, मेथी, मुळा, वांगी घ्यावीत. शेवगा, कढीपत्ता व लिंबू कायमचे असावेत. उन्हाळ्यात वाफ्यांवर पाचटाचे आच्छादन करावे.

एका बागेने पाऊस वेळेवर येणार नाही की ऊन कमी होणार नाही. 1972 आणि 2015-16 चे दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला कोणी तसे सांगू नये. पण बाजारात भाजी महागते तेव्हा दारचा शेवगा ताटात भाजी देतो, आणि आपला कचरा दुसऱ्याच्या बांधावर जात नाही. या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. येत्या आठवड्यात आधी ढिगाची जागा ठरवा, बियाणे त्यानंतर आणा, एवढी विनंती करून माझे भाषण संपवतो.