आगार म्हणजे घर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रपाळीत, आगारातल्या दिव्याखाली, मागून आणलेल्या पुस्तकांतून आणि हाताखाली आलेल्या यंत्रांतून. म्हणून ज्या विषयात आमची हयात गेली त्यापलीकडे आज आम्ही जाणार नाही. विषय आहे शहरातली बसगाडी. आणि त्यातही ती रात्री जेथे मुक्कामाला जाते, ती जागा.

आपण सकाळी थांब्यावर उभे असता. सातची गाडी येत नाही. साडेसातची येते ती तुडुंब भरून. आपण वाहकावर रागावता. राग खरा, पण पत्ता चुकीचा! सातची गाडी का आली नाही, याचे उत्तर पुष्कळदा आदल्या रात्री आगारातच ठरलेले असते.

डेपोला आपण मराठीत आगार म्हणतो. संस्कृतात आगार म्हणजे घर. हा शब्द ज्याने योजला त्याला या धंद्याचे मर्म कळले होते असे आम्हांस वाटते.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. ९ मे १८७४ रोजी तेथे कुलाब्याहून पायधुणीला घोड्यांची ट्राम सुरू झाली. घोडा थकतो, त्याला दाणापाणी लागते, म्हणून तबेला मार्गाजवळ हवा, हे तेव्हा कोणाला शिकवावे लागले नाही. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. तिला ना रूळ, ना तार. वाटेल त्या रस्त्याने जावे. परंतु ती थकत नाही अशी आपली समजूत झाली, आणि तेथेच चूक झाली. बसही थकते. तिचे ब्रेक झिजतात, टायर उतरतात, सुकाणू ओढू लागते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सारा कारभार महापालिकेकडे आला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. पुढे शहर उत्तरेकडे पसरले तशी कुलाबा, वडाळ्यापासून मागाठाणे, मुलुंडपर्यंत बेस्टची पंचवीसहून अधिक आगारे उभी राहिली.

कोणती गाडी कोणत्या आगाराला द्यावी, हा कारकुनी प्रश्न नव्हे. त्याचे तीन हिशेब आहेत.

पहिला हिशेब अंतराचा. समजा, आगारापासून मार्गाचे टोक ८ किलोमीटर दूर आहे. गाडी सकाळी रिकामी जाणार, रात्री रिकामी येणार. १६ किलोमीटर झाले. अशा ५० गाड्या असतील तर रोज ८०० किलोमीटर आणि महिन्याला २४,००० किलोमीटर एकही उतारू न घेता! हा खर्च शेवटी तिकिटातून किंवा करातून आपणच भरतो.

दुसरा हिशेब गाडीच्या जातीचा. दुमजली गाडी मुंबईत १९३७ मध्ये आली. तिच्या मार्गावर बुटका पूल चालत नाही, झाडाची फांदी चालत नाही. जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्यांनी १५ सप्टेंबर २०२३ रोजी निरोप घेतला. त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या दुमजली गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. सीएनजीच्या गाडीला गॅस भरण्याची सोय जवळ हवी. विजेच्या गाडीची झोप आणि जेवण एकाच वेळी होते. रात्री कोणती गाडी किती वाजता कोणत्या चार्जरला लावायची, हे चुकले तर सकाळी ती अर्धपोटी बाहेर पडते आणि दुपारी मार्ग सोडून परत येते. शिवाय एकाच आगारात चार कंपन्यांच्या गाड्या कोंबल्या की चार तऱ्हेचे सुटे भाग ठेवावे लागतात. मग हवा तो भाग नेमका दुसऱ्या आगारात सापडतो, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी गाडी आठवडाभर उभी राहते.

तिसरा हिशेब माणसांचा. पहिली गाडी पहाटे काढणारा चालक शहराच्या बाहेर, दूर राहतो. पहिल्या लोकलने निघाला तरी वेळेवर पोचत नाही, म्हणून तो आदल्या रात्रीच येऊन आगारात पडतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे काम आठ तासांवर आणि पाळीचा एकूण पसारा बारा तासांवर आणून ठेवला. पण सकाळची गर्दी आणि संध्याकाळची गर्दी अशी तोडून दिलेली पाळी ज्याने केली आहे, त्याला विचारा की मधल्या चार तासांत तो कोणाचा असतो. घरी जाता येत नाही. आगारात स्वच्छ विश्रांतीगृह असेल तर माणूस पाठ टेकतो, नसेल तर बाकावर बसून डुलक्या घेतो. संध्याकाळी त्याच्याच हाती आपली मुले असतात.

येथे स्वतःचा एक अपराध सांगतो. आगाराचे नाव सांगत नाही. आम्ही नवे मदतनीस होतो. एका चालकाने वहीत लिहिले होते, ब्रेक उशिरा लागतो. रात्री काम फार आणि माणसे थोडी. आम्ही गाडी खड्ड्यावर न घेताच "तपासले" असे लिहून सही ठोकली. सकाळी तोच चालक आला. फाटकाबाहेर जाण्यापूर्वी त्याने ब्रेक दाबून पाहिला आणि गाडी मागे घेतली. आमच्यासमोर वही धरून तो एवढेच म्हणाला, "पोरा, ही सही माझ्या गळ्यात बांधणार होतास." तो ओरडला असता तर आम्ही विसरलोही असतो. त्या दिवसापासून वहीतली सही ही आमच्या लेखी शपथ झाली.

आता मुद्दा असा की, त्याला आमचे तोंड पाहता आले. गाडी त्या आगाराची, तो त्या आगाराचा, आम्हीही त्याच आगाराचे. २०१९ पासून मुंबईत भाड्याच्या गाड्या वाढत गेल्या. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, दुरुस्ती त्याची, आणि पैसे किलोमीटरच्या हिशेबाने. त्याच वर्षी बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. पुढे ३,३३७ गाड्यांचा स्वतःचा ताफा राखण्याचे ठरले. पण २०२५ संपेपर्यंत मालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात विजेवर चालणारी भाड्याची बस गर्दीत शिरली, माणसे दगावली. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम. आमचा प्रश्न साधा आहे: गियर आणि क्लचवर हात बसलेल्या माणसाला नव्या गाडीवर किती दिवस शिकवावे, आणि तो तयार झाला अशी सही कोणी करावी?

आम्ही विजेच्या गाडीचे विरोधक नव्हे. धूर आमच्याच छातीत गेला आहे. कामगारांचीही चूक आम्ही पदरात घेतो. कामचुकारालाही संघटनेने पाठीशी घातल्याचे प्रसंग आहेत, आणि त्याचा फायदा कंत्राटदाराला झाला. पण घर नीट चालत नाही म्हणून घरच मोडावे, हा उपाय नव्हे. आगाराची जागा मोक्याची आहे, तेथे इमारती उठवाव्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना विचारा, मग गाड्या रात्री कोठे धुणार, कोठे तपासणार?

हा प्रश्न मुंबईचा, आपला नव्हे, असे मानू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या शहरांसाठी दहा हजार विजेच्या बसगाड्यांची योजना मंजूर केली. तीही खाजगी भागीदारीची आहे. उद्या आपल्या नगरात नवी चकचकीत गाडी येईल, फीत कापली जाईल. जरूर टाळ्या वाजवा. पण नंतर नगरसेवकाला तीन गोष्टी विचारा: ही गाडी रात्री कोठे राहते? तिचा ब्रेक कोण तपासतो? आणि चालक पाठ कोठे टेकतो?

ही तीन उत्तरे ज्या गावाला ठाऊक असतात, त्या गावाची सातची गाडी सहसा सातलाच येते.