बक्षीसपत्र आणि म्हातारपण
(ज्ञातिमंडळाच्या सांगली येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



वृद्धांचा छळ म्हटला की मारहाण डोळ्यांपुढे येते. आमच्या सातारा-सांगलीकडील घरांत मात्र तो सहसा आवाज करीत नाही. म्हातारीचे ताट सर्वांच्या मागून येते, चष्म्याची फुटकी काच महिनोन्‌महिने तशीच राहते, पेन्शनचे पासबुक मुलाच्या कपाटात जाते. पाहुण्याने विचारले तर ती म्हणते, "बरं चाललंय." घराण्याची अब्रू सांभाळण्याचे काम जिला उपाशी ठेवले तिच्यावरच पडावे, हे आम्हांस फार लागते.

ह्या दुःखाचे मूळ पुष्कळदा एका कागदात असते. मागे तंटा नको म्हणून बाप हयातीतच शेत व घर मुलांच्या नावे करतो. सातबाऱ्यावरून नाव उतरते, आणि घरात शब्दाचे वजनही उतरते. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. सर्वस्व मुलांस देऊन बसलेल्या बेलवलकरांसाठी आम्ही डोळे पुसले, आणि घरी येऊन तेच केले!

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ ह्यासाठीच आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर देणाऱ्यास ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अशी अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले; जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावला. पण त्या उदारतेवर विसंबावे कशाला? अट दस्तातच लिहावी. मुलावर अविश्वास दिसेल, म्हणता? सोयरिकीच्या याद्या लिहिताना हा संकोच कोठे जातो?

साठी उलटलेल्यांना निर्वाहखर्चासाठी प्रांतांकडे अर्ज करता येतो. निपुत्रिकांनाही, ज्यास त्यांची मिळकत मिळायची त्या नातलगाविरुद्ध, तो हक्क आहे. १४५६७ ह्या क्रमांकावर दूरध्वनीने सल्ला मिळतो.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सारे एकटीने करणारी सून कधी तुटून बोलते. मुंबई-पुण्याचे दीर फोनवरून उपदेश करतात आणि दोषही तिलाच देतात. तिला वर्षातून पंधरा दिवस सुटी देणे हाही छळ टाळण्याचाच उपाय होय, आणि त्यास प्रांतांची ऑर्डर लागत नाही.

ज्यांची बक्षीसपत्रे यंदा नोंदवावयाची आहेत, त्यांनी मसुदा घेऊन सभेनंतर थांबावे. मंडळातील वकील बंधू तो विनामूल्य वाचून देणार आहेत. म्हाताऱ्यांना मात्र बरोबर आणावे; त्यांच्याशी ते एकांतात बोलतील.