थांबलेले यंत्र



आम्ही काही इंजिनिअर नव्हे. आठवीनंतर शाळा सुटली; पुढचे शिक्षण झाले ते रबराच्या एका कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा विजेच्या विद्येत आमचे काही चुकले तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

रबर मळण्याची मिक्सिंग मिल आपणांपैकी थोड्यांनीच पाहिली असेल. दोन जाडजूड लोखंडी रोल एकमेकांच्या दिशेने फिरतात आणि मधल्या फटीत रबर ओढले जाते. एके दिवशी आमच्या एका सोबत्याने लाल बटण दाबले, रोल उभे राहिले, आणि चिकटलेले रबर काढायला त्याने हात घातला. रोल हलले. तीन बोटे गेली. चौकशीत साहेबांनी विचारले, "मिल बंद न करता हात घातलाच कसा?" तो म्हणाला, "मिल बंदच होती की, साहेब!"

दोघेही खरेच बोलत होते, हे कळायला आम्हांला बरेच दिवस लागले. पूर्वी खटका पाडला की मोटरची वीजच तुटे. आता मोटरीमागे ड्राइव्ह नावाची पेटी असते. ती मोटरचा वेग कमीजास्त करते. आमचे लाल बटण या पेटीला नुसते 'थांब' असे सांगत होते. मोटर थांबली होती ती हुकूम ऐकून; आणि हुकूम ऐकणारा भागच बिघडला, तर ती पुन्हा फिरू शकते.

यावर तोड निघाली, तिचे नाव 'सेफ टॉर्क ऑफ'. आयईसी 61800-5-2 हे आंतरराष्ट्रीय प्रमाण 2007 साली निघाले, त्यात ती सांगितली आहे. वेग ठरवणारा भाग काहीही बरळो, मोटर फिरवणारी ताकद तिच्यापर्यंत पोचूच द्यायची नाही. चांगल्या पेट्यांत त्यासाठी दोन स्वतंत्र वाटा असतात. एक दगा देते तेव्हा दुसरी थांबवते.

मात्र एवढ्याने निर्धास्त होऊ नये. पेटीत वीज असतेच, आणि मेन स्विच पाडल्यावरही ती काही मिनिटे साठून राहते. वायरमनने हे विसरू नये. फिरते रोल ताकद तुटल्यावरही आपल्या वजनाने फिरत राहतात. हात सापडला असेल तर तेवढे फिरणेही पुष्कळ झाले! म्हणून तिथे आधी ब्रेक हवा.

आता खरे दुखणे. आमच्या त्या पेटीत ही सोय होती. कारखान्याने तिचे पैसे मोजले होते. पण अशा पेट्या पुष्कळदा टर्मिनलला जंपर, म्हणजे तारेचा तुकडा, लावूनच येतात, म्हणजे सुरक्षेचे सर्किट न जोडताही मोटर चालावी. तो काढून लाल बटणाच्या तारा तिथे आणायच्या असतात. आमच्याकडे तो कोणी काढलाच नव्हता. मालकांना बोल लावताना हेही सांगितले पाहिजे, की नगावर मजुरी मिळते म्हणून दोन हातांचे बटण सुतळीने बांधून ठेवणारे हात आमचेच होते.

पुढल्या वाटाघाटीत पगाराच्या आधी आम्ही एकच मागणी ठेवली : पेट्या उघडून दाखवा. आमच्या खात्यातल्या चार पेट्या उघडल्या. तिघींत तो तुकडा होता.