बोटाचा भाव

दोस्तांनो, हा हात बघा. अंगठ्याजवळचं बोट, वरचं पेर नाही. गोदीत गेलं. मेलो असतो तर पेपरात दोन ओळी आल्या असत्या. जगलो, म्हणून कुठंच नोंद नाही.

लोक याला अपघात म्हणतात. मी तो शब्द मानत नाही. माझी सलग दुसरी पाळी होती. नाही म्हटलं तर मुकादम उद्या टोळीत घेत नाही. होल्डात उजेड कमी. हातमोजे आख्ख्या टोळीत दोन जोड. वर विंचवाल्याला माझा हात दिसत नव्हता, आणि इशारा देणारा माणूस ठेकेदारानं कमी केला होता. तार ताणली, बोट तारेत सापडलं. यात नशीब कुठं आलं? झोप, उजेड, मोजे, एक माणूस. एवढ्याचे पैसे वाचले.

नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. दुरुस्त होत होत आमच्यापर्यंत आला, तेव्हा त्याच्या परिशिष्टात बोटांचे भाव होते. कमावण्याची ताकद किती गेली त्याचे टक्के: आख्खा अंगठा ३०, त्याच्या शेजारचं बोट १४, त्याचं एक पेर ९, करंगळी ७. दुखापतीनं आलेलं अपंगत्व तीन दिवसांपुढं टिकलं नाही, तर मालक देणं लागत नाही. आमच्यात तिसऱ्या दिवशी कोण घरी बसतो? चूल विचारते.

मला ते ९ सुद्धा नाही मिळाले. दवाखान्यात लिहिलंय, 'घरी पडून लागले.' मीच तसं सांगितलं. मुकादम शेजारी उभा होता. कविता करणारा माणूस मी, आणि एक खरं वाक्य तोंडातून निघालं नाही.

बरं, घर तरी काय धड आहे? आमची खोली दहा बाय दहा, वर माळा. लोखंडी शिडी भिंतीसारखी उभी, धरायला काही नाही. पाणी येतं पहाटे, अंधारात. आई कळशी घेऊन चढताना घसरली, मनगट मोडलं. धुण्याभांड्याची चार घरं होती, दोन महिन्यांत चारही गेली. तिच्या मनगटाचे टक्के कुणी मोजले नाहीत. शेजारणी म्हणाल्या, बघून चालायचं ना.

मी एक वही आणलीय. वस्तीत कुणाला काय लागलं, किती वाजता, कितवी पाळी, उजेड होता का, किती दिवस मजुरी बुडली, ते लिहा. बायकांचं पण लिहा, पोरं भाजतात ते पण. पहिलं नाव माझं आहे. ठिकाण: गोदी.

वही मागं पाठवतो. पेन आतच आहे.