पाटीपूर्वीचे शिक्षण
(मिरजगाव येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षीच्या प्रघाताप्रमाणे आपल्या मंडळाने आज गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव केला. ती मुले-मुली पुढे येऊन नमस्कार करीत होती, तेव्हा त्यांच्या आईवडिलांच्या डोळ्यांतील समाधान आपण सर्वांनीच पाहिले. परंतु या मंडपात आणखी एक विद्यार्थिवर्ग हजर आहे. तो आईच्या मांडीवर आहे, आजोबांच्या खांद्यावर आहे, आणि काही मंडळी तर मघापासून सतरंजीखालची माती उकरण्यात गढून गेली आहेत. दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंतच्या या बालगोपाळांविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, म्हणून मी उभा आहे. मी बालमानसशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक आणि गुरुजींचे प्रशिक्षण यापलीकडे माझे शिक्षण नाही. तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेत शिकवले आणि आता घरी नातवंडे खेळवतो, एवढीच माझी पात्रता.

प्रारंभी माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे ठेवतो. माझा थोरला मुलगा साडेतीन वर्षांचा असताना, मास्तरांचा मुलगा शाळेत जाण्यापूर्वीच वाचू लागला पाहिजे, असा अभिमान माझ्या मनात शिरला. रोज दिवेलागणीला मी त्याला पाटी घेऊन समोर बसवीत असे. त्याची बोटे घसरली की मीच त्याचा हात घट्ट धरून अक्षर गिरवून घेई. महिनाभरात तो चार अक्षरे काढू लागला आणि आल्यागेल्या पाहुण्यांसमोर त्याचे प्रदर्शनही मी केले. पुढील महिन्यापासून मात्र पाटी दिसली की मुलगा नाहीसा होई. शोधले तर तो वडिलांच्या शिलाई मशीनखाली सापडे. तेथे कापडाच्या चिंध्या आणि रिकामी रिळे पडलेली असत. तांबड्या चिंध्या एकीकडे, हिरव्या दुसरीकडे, असे त्याचे काम तासभर निमूटपणे चाललेले असे.

एके दिवशी वडील मला म्हणाले, “मास्तर, आधी बोटांना चिमूट धरता येऊ दे, मग पेन्सिल दे.” माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले होते. मला त्यांचे म्हणणे रुचले नाही. पोर लाडावत आहे, असे म्हणून मी त्याला ओढून बाहेर काढले. मुलगा पुढे शिकला, नोकरीला लागला, सर्व काही झाले. परंतु कित्येक वर्षे वही उघडताना त्याच्या कपाळावर आठी पडे. ती आठी मी घातलेली होती. वडिलांचे शब्द किती शास्त्रशुद्ध होते, हे मला फार उशिरा कळले.

लहान मुलाच्या बोटांचे स्नायू व सांधे अजून तयार होत असतात. डोळा आणि हात यांचा मेळ बसायचा असतो. वेचणे, ओतणे, मळणे, ओवणे, फाडणे, चिकटवणे अशा शेकडो कामांतून तो मेळ बसतो आणि त्यानंतर लेखणी आपोआप हातात स्थिर होते. पायांचेही तसेच. बाजार, नदी, शेत, झाड यांच्यापर्यंत जे मूल चालत गेलेले असते, त्याच्यापाशी बोलण्यासारखे काही असते. आणि ज्याच्यापाशी बोलण्यासारखे आहे, त्याला पुढे लिहिण्यासारखेही असते.

हे नवे तत्त्वज्ञान नव्हे. १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टर विदुषीने बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत लाकडी चौकटींना ताणून बसवलेले कापडाचे दोन पदर असत. एका चौकटीला बटणे व काजे, दुसरीला हूक, तिसरीला बंद. मुलाने ते लावावेत आणि सोडावेत, एवढाच पाठ. बंधूंनो, हे साधन आपल्या शिंपी समाजातील कोणत्या घरात तयार होणार नाही?

भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ते विचार महाराष्ट्रात रुजवले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी खेड्यातील बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. मोरगावी जन्मलेल्या, बालवयातच वैधव्य आलेल्या या बाईंनी आपले सारे आयुष्य परक्यांच्या मुलांना वाहिले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या यांचीच साधने झाली. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. ज्या गोष्टी या थोर बायांनी टेकडीवर गोळा केल्या, त्या आपल्या मिरजगावच्या शिवारात पायाखाली पडलेल्या आहेत.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो.

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला घरातीलच कामे द्यावीत. परातीत पाणी, एक तांब्या आणि दोन वाट्या दिल्या की ते पाऊण तास ओतत बसेल. कपडे भिजतील, ते वाळतात. भाकरीचे पीठ मळताना लिंबाएवढा गोळा त्याच्याही हातात द्यावा. त्याची भाकरी वेडीवाकडी होईल. तीही तव्यावर टाकावी आणि आजोबांनी ती आवडीने खावी. चिंध्यांतून मऊ कोणती, खरखरीत कोणती, जाड कोणती, हे डोळे मिटून ओळखण्याचा खेळ मला फार आवडतो. खण, मलमल, मांजरपाट आणि मखमल यांतील भेद बोटांना कळू लागला की शब्दही सोबत येतात.

तीन वर्षांनंतर कामे थोडी बारीक व्हावीत. भुईमुगाच्या शेंगा फोडणे, तुरीच्या शेंगा सोलणे, मूग आणि हरभरे निरनिराळे करणे, मोठ्या छिद्राची रिळे दोऱ्यात ओवणे. पोळ्याच्या आधी माती कालवून बैल करावेत. त्याच्या बैलाला पाच पाय झाले तरी हसू नये. ज्वारीची काढणी झाली की चिपाडे आणावीत; आपल्यापैकी किती जणांनी चिपाडाच्या भेंडाची बैलगाडी केलेली आहे! ती कला आपल्याबरोबर संपू नये. सावधगिरी मात्र हवी. सुई आणि कात्री मुलांच्या हाती लागू देऊ नये. बटणे, चिंचोके, शेंगदाणे या वस्तू लहान मूल तोंडात वा नाकात घालते. म्हणून तीन वर्षांखालील मुलापुढे त्या ठेवूच नयेत, आणि मोठ्यांपुढेही आपल्या देखत ठेवाव्यात.

सहलीसाठी दूरदेशी जाणे नको. पिठाची गिरणी ही पहिली सहल. दाणे वरून गेले, पीठ खालून आले, हे पाहताना मुलाचा चेहरा पाहावा. आठवड्याच्या बाजारात त्याच्या हातात लहानशी पिशवी आणि पाच रुपये देऊन लिंबे त्यालाच घेऊ द्यावीत. एस. टी. स्थानकावर घटकाभर बसून गाड्या मोजाव्यात. कुंभाराचे चाक, लोहाराचा भाता, बाभळीवर लोंबणारा सुगरणीचा खोपा, या सर्व शाळाच आहेत. थंडीत शेतावर हुरडा असतो. कणीस भाजून चोळून खाताना त्या मुलाला पाचही इंद्रियांचा पाठ मिळतो. जरा लांब जायचे तर निमगाव गांगर्ड्याला सीनेचे धरण आहे, आणि आपल्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य आहे. १९८० साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. पण काळविटांचा कळप उड्या मारीत जाताना नातवाने जो श्वास रोखून धरला, तो मी विसरणार नाही. पाण्यापाशी मात्र एका मुलामागे एक मोठे माणूस असावे. सहलीत प्रश्नांची सरबत्ती करू नये. मूल मुंगीपाशी थांबले तर आपणही थांबावे. काळवीट उद्याही भेटतील.

भगिनी म्हणतील, “गुरुजी, घरचे काम, शिलाईचे काम, यांतून वेळ कोठून आणावा? मोबाईल दिला की पोर गप्प बसते.” ही अडचण खरी आहे, आणि आमच्या घरीही ती आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की दोन वर्षांखालील मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची हालचाल दिवसातून किमान १८० मिनिटे व्हावी. पाणी ओतणारे मूलही गप्पच असते. फरक इतकाच की ते शिकत असते.

दुसरी भीती, आपले मूल शेजारच्या मुलाच्या मागे पडेल ही. ती भीती मला ठाऊक आहे, कारण तिच्याच पायी मी मुलाला मशीनखालून ओढले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून त्यात खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे. पाया भरताना कोणी भिंत चढवीत नाही.

शेवटी मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. पहिली, महिन्यातून एका रविवारी शिशुसहल काढावी. तिला वर्गणी नको, वाहन नको. गिरणी आणि बाजार पायी अंतरावर आहेत. माझ्यासारखे निवृत्त आजोबा आणि आपल्या आज्या यांनी ती जबाबदारी घ्यावी, म्हणजे तरुण आयांना दोन तासांचा विसावाही मिळेल. पहिल्या सहलीसाठी मी माझे नाव आजच नोंदवतो. दुसरी, प्रत्येक दुकानदार बंधूने एक खेळपेटी मंडळाला द्यावी. तीत चिंध्या, रिकामी रिळे आणि कापडाचे दोन पदर असावेत; एकावर पाच मोठी बटणे पक्की शिवलेली, दुसऱ्यावर पाच काजे. या पेट्या घरोघर फिराव्यात. आपल्या पूर्वजांनी हातावर पोट भरले. त्या हातांचे शहाणपण मुलांना देण्यासाठी याहून स्वस्त मार्ग मला दिसत नाही.

परवा माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीने असे पहिले बटण स्वतः लावले. पुन्हा सोडले, पुन्हा लावले, आणि मग माझ्या सदऱ्याचे बटण लावण्यासाठी मांडीवर चढली. तिचे वडील, म्हणजे माझा थोरला मुलगा, समोर बसून पाहत होता. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

सतरंजीखाली माती उकरणाऱ्या मंडळींना कृपया उठवू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.